निळी कवचं

धाकट्याने पिशवी टेबलावर आपटली आणि शिंपलेबाईंच्या ब्रशच्या टोकावरचं कवच उडून गेलं. पिशवीत चिखलाने माखलेले बूट होते, टँकरवाल्याच्या दारातून उचलून आणलेले.

"ताई, मला बाकी काही नको. हा माणूस खाणीत गेला होता की नाही, एवढंच सांग."

शिंपलेबाई हे ऑफिसातल्या टवाळांनी ठेवलेलं नाव. बाईंची हयात खडकातली सूक्ष्म कवचं बघण्यात गेली होती. वाळूच्या कणाएवढे समुद्री जीव लाखो वर्षांपूर्वी मेले, त्यांची कवचं खडकात राहिली. कोणत्या थरात कोणती जात सापडते यावरून थराचं वय कळतं. तेलाच्या विहिरी खोदणारे बाईंच्या शब्दावर यंत्रं थांबवत. मग सख्खा भाऊ तो शब्द का मानणार नाही?

धाकट्याची एकुलती एक पोर चुनखडीच्या खाणीत सापडली होती, दगडाने डोकं ठेचलेली. तो शवागाराच्या दारातच कोसळला, म्हणून ओळख पटवायला आत बाई गेल्या. पोरीच्या लहानपणी ज्या केसांच्या वेण्या या आत्याने घातल्या होत्या, त्या केसांवरूनच पोर ओळखली, कारण ओळखायला चेहरा उरलाच नव्हता. त्या दिवसापासून बाईंना एकच हवं होतं. ज्याने हे केलं त्याचंही डोकं तसंच फुटलेलं बघायचं. शिकल्यासवरल्या बाईने असं म्हणू नये वगैरे लोकांनी आपल्या घरी म्हणावं.

पोर शेवटची दिसली ती टँकरवाल्याच्या गाडीत चढताना. तो म्हणे, तिला नाक्यावर सोडलं आणि मी तळ्यावर पाणी भरायला गेलो. पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. प्रेत ज्याला सापडलं त्या खाणीच्या पहारेकऱ्याने आपण काहीच ऐकलं नाही, असं सांगितलं.

ताडून बघायला खाणीतला दगड बाईंनी सकाळीच कुटून, सोड्यात उकळून, चाळणीतून धुऊन ठेवला होता. मग सवयीप्रमाणे चाळणी निळ्या रंगाने भरलेल्या घमेल्यात बुचकळली. ही या धंद्यातली जुनी शिस्त. चाळणी कितीही घासा, काही चिवट कवचं जाळीत अडकून राहतातच. ती निळी होतात. पुढच्या नमुन्यात निळं दिसलं की समजायचं, हा मागचा पाहुणा आहे, याला मोजायचं नाही.

बुटांचा चिखल त्याच चाळणीतून गेला. धाकटा मागे उभा राहून भिंतीवर मुठी मारत होता. त्याची बोटं सोलली होती.

"झालं का?"

"जिवंत माणसाचा प्रश्न आहे. घाई करू नकोस."

"माझी पोर मेली तेव्हा कोणी थांबलं का?"

खरं तर घाई त्यांनाच जास्त होती. एरवी त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कवच ओल्या ब्रशने उचलत. आज त्यांनी वाळवलेल्या गाळाची चिमूट सरळ चिकट चकतीवर भुरभुरवली, तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या यंत्रात घातली. तिथे कणाचा डोंगर होतो, बारीकसारीक सगळं दिसतं. दिसत नाही तो फक्त रंग. पडद्यावर सगळं राखाडी.

आणि त्या राखाडीत ते होतं. गोगलगायीसारखं वळलेलं, कडेला मण्यांची रांग असलेलं कवच. या मुलखात ते त्या खाणीशिवाय कुठे सापडत नाही, हे बाईंनीच सिद्ध केलं होतं. आणखी एक दिसलं. आणखी एक.

"गेला होता," बाई म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण दातओठ खात त्यांनीच पुढे जोडलं, "सोडू नकोस त्याला."

धाकटा जिना उतरून गेलासुद्धा.

बाईंनी तोंडावर पाणी मारलं. कोर्टात दाखवायला चांगले नमुने वेगळे काढावेत म्हणून उरलेला गाळ काळ्या ताटलीत पसरला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मणीवाली कवचं होतीच. पण पहिलं निळं, दुसरं निळं. बाई ब्रशने शोधत राहिल्या, आणि मणीवालं प्रत्येक कवच निळंच निघालं. सगळा सकाळचाच माल होता. बुटांच्या चिखलातली खरी कवचं पांढरी होती, पातळ, दोन झाकणांची. गोड्या पाण्यातली. तळ्यातली.

टँकरवाला खरं बोलत होता.

फोन वाजत राहिला, धाकट्याने उचलला नाही. बाई चप्पल न घालताच धावल्या.

टँकरच्या अड्ड्यावर लोक लांब उभे राहून बघत होते. टँकरवाला चाकांमागे सरपटत घुसायचा आणि धाकटा पाय धरून त्याला पुन्हा ओढून काढायचा. टँकरवाल्याचा जबडा निखळून लोंबत होता. धाकट्याच्या हातात लोखंडी पहार होती. ती टँकरवाल्याच्या गुडघ्यावर आदळली तेव्हाचा आवाज बाईंना फाटकापर्यंत ऐकू आला.

"थांब! तो नव्हता रे!"

त्यांनी मध्ये हात घातला. पहार मनगटावर बसली, हाड तुटलं. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लहानपणी त्याला बोट धरून चालवणारी ताई त्याने कोपराने बाजूला ढकलली. टँकरवाला रक्ताच्या चुळीतून काहीतरी म्हणाला. त्यातला 'तळ्यावर' एवढाच शब्द कळला. पुढचा घाव डोक्यावर पडला, त्यानंतरचाही तिथेच. बाईंना जसं बघायचं होतं, अगदी तसंच.

मग धाकटा धापा टाकत मातीत बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला होता.

"संपलं, ताई," तो म्हणाला.

खोटं बोलावं असं बाईंना अगदी मनापासून वाटलं. मेलेला काही परत यायचा नाही, निदान जिवंत भाऊ शांत झोपेल. पण समोर ते डोकं होतं.

"तो नव्हता. कवचं खाणीच्या दगडातली होती, चाळणीत राहिलेली. चूक माझी. तो तळ्यावरच होता."

धाकट्याने प्रेताकडे पाहिलं. आता हा पहार माझ्या डोक्यात घालेल, असं बाईंना वाटलं. घातली असती तर त्या हलल्याही नसत्या.

त्याने पहार विजारीला पुसली आणि उठला.

"मग कोण?" त्याने विचारलं. "तू फक्त नाव सांग."

बाई 'नाही' म्हणाल्या, मोठ्याने म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःचीच भीती वाटली, कारण तोंडाने नाही म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे खाणीचा पहारेकरी येऊन उभा राहिला होता.