आधी कोपर

तीन महिने आम्ही पाळक होण्याच्या वर्गात बाहुलीचाच बाप्तिस्मा करत होतो. गुणी बाहुली! कितीही पाणी ओता, हूं नाही की चूं नाही. पण या रविवारी आमचे सर खानावळीतल्या मावशींच्या नातवाचा खराखुरा बाप्तिस्मा करणार होते आणि पाण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं!

शनिवारी बाहेर गुडघाभर बर्फ होतं. तालमीसाठी मी चॅपलमधलं कुंड नळाच्या पाण्यानं भरलं आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याबद्दल शिकलेलं सगळं मावशींना घडाघडा ऐकवलं.

“ते सगळं खरं हो, पाळकबाई,” मावशी म्हणाल्या, “पण आधी तुमचं कोपर बुडवा बघू त्यात.”

बुडवलं. अशी किंचाळले की त्यांच्या मांडीवरचं बाळ दचकून उठलं! मागच्या बाकावर सर खोकल्याआड हसत होते.

रविवारी मी कुंडात किटलीभर गरम पाणी मिसळलं. चॅपल खचाखच भरलेलं. पांढऱ्या झग्यातले सर कुंडापाशी आले, थांबले, बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. मग त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं.

मावशींनी मान डोलावली, तेव्हा कुठे उपासना पुढे सरकली.