सहाव्या जागेवरचा वाव

"बाई, वर्णमालेत झीटा सहावा येतो. मग आकडा म्हणून लिहिताना तो सात कसा? सहा कोणी पळवला?"

प्रश्न पोलितिमीने विचारला, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, रोदांथीने आणि लाम्ब्रिनीने. जुन्या पुस्तकांत प्रकरणांना आकड्यांऐवजी वर्ण असतात. तिथे पाच म्हणजे एप्सिलॉन आणि त्याच्या पुढचा झीटा एकदम सात! "विचारून दाखव की! अथेन्सच्या नव्या बाईंना घाम फुटतो की नाही बघ," असं दोघींचं चाललं होतं. गेल्या वर्षापर्यंत ही पोलितिमी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. यंदा तिला असा काही कंठ फुटला आहे की विचारू नका!

मित्रांनो, तो प्रश्न ऐकून मी आनंदाने उडालोच. कारण पळालेला तो सहावा मीच! मी एक जुना ग्रीक वर्ण आहे. माझं नाव वाव. एका गामाच्या डोक्यावर दुसरा गामा ठेवा, झालो मी तयार, अगदी इंग्रजी F सारखा. तुम्ही 'वाटी' म्हणताना ओठांशी जे होतं, तोच माझा आवाज.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आम्ही सगळे वर्ण ग्रीसला आलो. तेव्हा ग्रीक ही एकच एक भाषा नव्हती. बेटाबेटांवर आणि दऱ्याखोऱ्यांत तिच्या बोली नांदत होत्या. सख्ख्या बहिणी, पण एकीचं दुसरीशी पटेल तर शपथ! डोरिक बोली ऐसपैस तोंड उघडून 'आ' म्हणायची. आयोनियन नाक मुरडायची आणि त्याच शब्दात 'ए' म्हणायची. मला मात्र सुरुवातीला सगळीकडे मान होता. द्राक्षाच्या दारूच्या नावात मी होतो, घराच्या नावात मी होतो, मेंढीच्या कोकराच्या नावात मी होतो. डोरिक लोक विसाला 'विकाती' म्हणत. तुमच्या 'वीस'ची आठवण झाली ना? मलाही होते! मला दगडावर कोरत, काशाच्या पत्र्यावर ठोकत. काय थाट होता!

मग आयोनियन बोलीला घाई झाली. समुद्रकाठची माणसं, भराभर बोलणारी. त्यांनी मला गिळून टाकलं. पुढे अथेन्सने त्यांचीच वर्णमाला शाळेत आणली आणि तिच्यात माझं नावच नव्हतं. त्यानंतर राजे आले, सैन्यं आली, बाजार वाढले, आणि सगळ्या बोली कालवून एक सर्वांची भाषा झाली. तिला माझी गरज उरली नाही. माझ्याकडे उरलं एकच काम, सहा हा आकडा व्हायचं. निवृत्त शिपायाला दाराशी स्टूल द्यावं तसं. पुढे माझा चेहरा झिजत गेला आणि त्या स्टुलावरही दुसरेच दोन वर्ण दाटीवाटीने बसले. मी रडलो का? थोडासा.

बाईंना घाम वगैरे काही फुटला नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी फळ्यावर मला मोठ्ठा काढला आणि माझी कथा सांगितली. "कोकराला आपण 'आर्नी' म्हणतो ना? त्या शब्दाच्या तोंडाशी पूर्वी 'व' होता. आता मात्र तो बोलण्यात कुठेच उरलेला नाही."

"उरलाय, बाई!" पोलितिमी ताडकन उठली. "माझ्या आजोबांच्या तोंडात आहे."

"त्यांच्या तोंडात दात नाहीत, वर्ण कुठून असणार?" लाम्ब्रिनी म्हणाली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

त्या दातांची गंमत सांगतो. आमचं लेओनिदिओ गाव लाल कड्याखाली वसलेलं आहे. इथले म्हातारे आपसात त्साकोनियन बोलतात. ही डोरिक बोलीची नात. वरच्या डोंगरातल्या मेंढपाळांना मला काढून टाकल्याची बातमी कधी पोचलीच नाही! ते आजही कोकराला 'वान्ने' म्हणतात. पोलितिमीचे आजोबा दिआमान्दिसही तसंच म्हणायचे. ती चार वर्षांची असताना तिने बाबांना विचारलं होतं, "आजोबा असं का बोलतात?"

"दात पडलेत ना त्यांचे, म्हणून," बाबांनी सांगून टाकलं. गावातले सगळेच म्हातारे तसं बोलत, आणि दात सगळ्यांचेच पडलेले. मग पोरीला शंका कशी येणार? मोठी झाल्यावर तिने ठरवलं, हे बिघडलेलं ग्रीक असणार.

तिचे बाबा सारांदोस वाईट नाहीत हो. ते शिकायला अथेन्सला गेले तेव्हा आईचा फोन आला आणि ते आनंदाने "माती!" असं ओरडले. हो, तुमच्याकडे मातीला जो शब्द, तोच आमच्याकडे आईला. पण वसतिगृहातली मुलं वर्षभर "ए माती, चहा घेतोस का?" म्हणून छळत राहिली. गावी परतल्यावर त्यांनी आजोबांकडून वचन घेतलं की घरात कुणाशी ही बोली बोलायची नाही. आजोबांनी वचन पाळलं. ते मला फक्त मेंढरांशी बोलताना बाहेर काढत. आता आजोबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर या घरात मी कुणाच्या तोंडी राहणार, ही काळजी मला पोखरत होती. त्यातच पोलितिमीचा उन्हाळा ठरलेला होता. अथेन्सला आत्याकडे राहायचं, इंग्रजीचा वर्ग लावायचा आणि बोलणं साफ करून यायचं.

शाळा सुटल्याबरोबर पोलितिमी थेट गोठ्यात गेली. तिने कोकराकडे बोट दाखवलं. "आजोबा, हे काय?"

"आर्नी," आजोबा खाली बघत म्हणाले.

"खरं सांगा."

"तुझ्या बापाला शब्द दिलाय, पोरी. उगाच खोदू नकोस."

तेवढ्यात ते कोकरू कुंपणातून निसटलं आणि सारांदोसच्या वांग्यांच्या वाफ्यात घुसलं. "वान्ने! अरे वान्ने!" आजोबा काठी उगारून धावले.

"पकडलं!" पोलितिमी टाळ्या पिटत ओरडली. कोकराला नव्हे, मित्रांनो, मला पकडलं तिने. मग आजोबाही इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना टोपी काढावी लागली.

तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखादा शब्द वेगळा म्हणालं, तर लगेच दुरुस्त करू नका. आधी विचारा, हा कुठून आला? कदाचित माझ्यासारखाच कुणीतरी तिथे जीव मुठीत धरून बसलेला असेल.

त्या दिवशी जेवताना आईने भाजलेली वांगी वाढली. पोलितिमीने बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुमचे दात सगळे शाबूत आहेत ना?"

"आहेत की. का गं?"

"मग म्हणा बघू, वान्ने."

आजोबांचा घास हातातच राहिला. बाबांनी आधी आजोबांकडे पाहिलं, मग ताटाकडे. मग मिशीत हसू दाबत, अगदी हळू म्हणाले, "वान्ने." वीस वर्षांनी! मी त्यांच्या ओठांवर नुसता नाचत होतो.

पोलितिमी खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"माती, बाबा, दोघंही ऐका. आत्याला कळवा, या उन्हाळ्यात मी अथेन्सला येत नाही. मी आजोबांबरोबर मेंढरं घेऊन वर डोंगरात जाणार आहे. इंग्रजी पुढच्या वर्षीही मिळेल. आणि बाबा, आजोबांना त्यांनी दिलेल्या शब्दातून मोकळं करा, कारण उद्यापासून मी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलणार आहे."