मोडक्या शिंगाचा आरोपी

मित्रांनो, पालीजवळच्या एका वाडीत चौदा वर्षं नांगर ओढून म्हातारा झालेला मी तांबू बैल. वासरू असताना रावजींनी मला आणलं. कातळावर माझे खूर झिजले, पण दुसऱ्याच्या कुंपणाला मी कधी तोंड लावलं नाही. रावजी चारचौघांत माझं कौतुक करत आणि मी ऐटीत रवंथ करी. आता त्यांची सून दर्शना मला सांभाळते. तिचा नवरा मुंबईला असतो.

दोन जूनला शेजारच्या भास्कररावांच्या बागेतली नवी कलमं कुठल्याशा गुरानं खाल्ली. नऊ जूनला नांगरताना माझं डावं शिंग बांधावर आपटून मोडलं. बारा तारखेला भास्कररावांनी तक्रार दिली, "मोडक्या शिंगाचा बैल मी डोळ्यांनी पाहिला." अहो, दोन तारखेला माझी दोन्ही शिंगं धड होती! आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते.

दर्शनावर गुरं मोकाट सोडल्याचा खटला झाला. तिनं माझं शिंग नऊ जूनला मोडल्याची, गुरांच्या डॉक्टरची तारीख घातलेली चिठ्ठी दाखवली. शिक्का नाही म्हणून ती बाजूला पडली. दंड झाला दोनशे रुपये.

तिचे वकील सलिल हळूच म्हणाले, "झटपट चाललेल्या खटल्यात दोनशेपर्यंतच्या दंडावर अपील नाही. फेरतपासणीचा अर्ज होईल, पण तिथं पुरावा सहसा नव्यानं तोलत नाहीत."

तशी दर्शना उभी राहिली. "साहेब, दंड एक रुपयानं वाढवा. मला अपील करायचंय."

कोर्टात सगळे हसले. हसू कसलं येतं मेल्यांना? घरी येऊन तिनं हे गोठ्यात सांगितलं.

"दंड भर नि मोकळी हो गो," रावजी बोलले.

"मोकळी कशी होणार, मामंजी? पोलीस पाटलाच्या अर्जात काय लिहू?"

त्या जागेसाठी ती वर्षभर अभ्यास करत होती. अर्जात प्रश्न होता, आजवर कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? दंड किरकोळ, म्हणून खटला किरकोळ, म्हणून वरची दारं बंद. आणि डाग मात्र अख्खा. हा कुठला न्याय?

"नाय लिही. कोण बघतंय?" रावजी पुटपुटले.

दर्शनानं अर्ज पुढ्यात ओढला. मग तिनं "होय" लिहिलं. अर्ज बाद झाला.

मित्रांनो, मुक्या जनावरांवर दया करा, असं आम्ही शेवटी सांगायचं असतं. आज ते राहू द्या. खोटं लिहायला हात न धजणारं माणूस सांभाळा. आमच्या गावाला तसा पाटील मिळत होता, तो दोनशे रुपयांत घालवला.