एसावाचे पाय

टीव्हीवर इकबालचं नाव येणार म्हणून मी अख्ख्या वाडीला आवतण दिलं होतं. मळवलीत मी एका सेठच्या बंगल्याचा राखणदार. सेठ मुंबईला आणि टीव्ही माझ्या ताब्यात, त्यामुळे त्या संध्याकाळी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची सारजाबाई तर ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. टीव्हीतून तिलाच कुणी बघणार होतं जसं काही!

माझा धाकटा भाऊ इकबाल मुद्दाम मुंबईहून आला होता. रेल्वेतली नोकरी सांभाळून तो नाटकं लिहायचा, आणि टीव्हीवर लागणारं हे त्याचं पहिलंच. छाती फुगवून मी त्याला माझ्याशेजारी बसवलं.

"बायबलातली गोष्ट आहे, भाई," तो म्हणाला. "लोणावळ्याच्या शाळेत पाद्रीबाबांनी सांगितलेली. एसाव थोरला, याकोब धाकटा. बाप आंधळा. धाकटा थोरल्याचं सोंग घेतो आणि बापाचा आशीर्वाद पळवतो. मी ती आपल्या मावळातल्या घरात बसवलीय."

"बापाला हात लावून कळंना व्हय?"

"थोरल्याचे हात केसाळ असतात. धाकटा हातांना बकऱ्याचं कातडं गुंडाळतो."

"लय बेरकी बेणं हाय की!" मी मांडीवर थाप मारून हसलो. इकबाल हसला नाही.

नाटक सुरू झालं. खाटेवर आंधळा म्हातारा, दोन पोरगे, आणि बापाच्या जागी एकालाच मिळणारी नोकरी. पण त्यात बकऱ्याचं कातडं कुठंच नव्हतं. धाकट्यानं खाचरात जाऊन पायांना चिखल चोळला, बोटांच्या बेचक्या दगडानं खरवडल्या आणि तो बापासमोर येऊन बसला. म्हाताऱ्यानं पाय चाचपले. "लय चिखल्या झाल्यात रे," म्हणत त्यानं वाटीतली मेंदी बेचक्यांत भरायला घेतली.



ते पाय माझे होते. एकसष्ट सालच्या भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात उभं राहून माझ्या पायांची कातडी कुजली होती. अब्बा रेल्वेत गँगमन, डोळे गेले म्हणून घरी बसलेले. रोज संध्याकाळी ते स्वतःच्या हातानं माझ्या पायांना मेंदी लावायचे. हे आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. अब्बांच्या जागी एका मुलाला घेणार होते, आणि अब्बा माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगायचे, "इकबाल शिकतोय, ही जागा रज्जाकची. त्यो समोर बसल्यावरच कागदावर अंगठा दीन."

कागद भरायच्या दिवशी मी खाचरातून उशिरा परतलो. पाय पुढे केले तर अब्बा म्हणाले, "आरं, मगाशीच लावली की तुला!" मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि चार दिवसांत ते गेले. नोकरी इकबालच्या नावानं आली. घरात लिहितावाचता येणारा तो एकटाच. तो म्हणाला, "अब्बांनी ऐनवेळी मन बदललं, भाई." मी विश्वास ठेवला.

चौदा वर्षं मी अब्बांवर राग धरला. शबे-बरातला सगळे कबरीवर फातिहा पढायचे आणि मी कबरस्तानाच्या फाटकातून मागं फिरायचो. ज्या माणसानं शेवटपर्यंत माझंच नाव घेतलं, त्याच्याशी मी अबोला धरला होता.

पडद्यावरचा म्हातारा रज्जाकऐवजी दुसरंच काही नाव घेऊन विचारत होता, "तुजंच नाव लिवलंय नव्हं?" धाकटा हळूच "व्हय" म्हणाला आणि अंगठा उमटला. मी वळून पाहिलं. इकबाल पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

नाटकाच्या शेवटी धाकट्यानं थोरल्याचे पाय धरले. थोरल्यानं त्याला उठवून छातीशी लावलं आणि सगळं माफ केलं. सारजाबाईनं पदर डोळ्यांना लावला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

माणसं उठू लागली तसा इकबालनं माझा हात धरला. "तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, भाई. म्हणून लिहिलं."

"माज्या आदी कुणाकुणाला ठावं हुतं?"

"नटांना. पण ते गोष्ट म्हणूनच... महिनाभर तालमी चालल्या होत्या."

"मला सांगाया चौदा वर्सं जमलं न्हाई, अन् त्यास्नी म्हैनाभर शिकवत हुतास?"

"पण शेवट बघितलास ना? थोरल्याचं मन किती मोठं दाखवलंय मी!" तो रडत होता. त्यानं दोन्ही हात पसरले.

दारातून सारजाबाई म्हणाली, "रज्जाकभाऊ, भाऊ असावा तर त्या थोरल्यावानी!"

मी जागचा हललो नाही.

"नोकरी नेलीस, अब्बांचा शब्द नेलास," मी म्हणालो. "तुला द्यायला माज्याकडं येक माफी तेवढी उरली हुती. तीबी मला न इचारता, माज्या नावानं तूच लिवून घेतलीस."