बोटीचा दिवस

कमळू भाताच्या रोपांसाठी भाजायच्या राबावर पालापाचोळा पसरत होता, तेव्हा पुतण्या अनिल बांधावरून पळत आला. कल्याणच्या इस्पितळातून फोन होता.

"काका, काकी गेली."

कमळूने हातातला भारा टाकला नाही. तो नीट पसरला, वर माती लोटली, मगच हात झटकले.

बाराव्यापर्यंत सगळ्यांना कळलं. राहिली फक्त चंदा. पंचवीस वर्षं ही कोळीण पावसाआधी धसईच्या बाजारात सुकी मासळी घेऊन यायची आणि त्याबदली कमळूच्या बायकोकडून, जनीकडून तांदूळ न्यायची. मापावरून दोघी कडाकडा भांडायच्या, मग एकाच चंचीतलं पान खायच्या. जनी तिला बहीण मानायची. आजारी पडण्याआधीच तिने चंदासाठी तांदळाची पिशवी भरून तोंड शिवून ठेवलं होतं.

"फोन करून सांग ना," अनिल म्हणाला.

"बहिणीला फोनवर सांगतात काय रे? घरच्या माणसानं जावं लागतं."

त्यांच्या घरची रीत होती. असा निरोप नेणाऱ्याने सांगून होईपर्यंत समोरच्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही.

मुरबाडहून जीप, मग रेल्वे, मग एसटी. कमळू पिशवी घेऊन बंदरावर उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दूर पाण्यात पर्यटकांची पांढरी बोट उभी होती, अख्खं गाव मावेल एवढी. मासळी वाळवायच्या बांबूंवर एकही बोंबील नव्हता.

"पावण्यांना वास नको," जाळं सांधणारा म्हातारा म्हणाला. "बोटीच्या दिवशी वाळवण बंद."

धक्क्यावर पाहुण्यांच्या स्वागतासाठी हार घेतलेल्या बायकांची रांग होती. त्यात नव्या लुगड्यात, गळाभर दागिने घालून चंदा उभी होती. त्याला बघताच ती रांग मोडून आली.

"दाजी! हसू नका, सगळं खोटं सोनं हाय. माझी बहीण कुठंय?"

कमळूने तोंड उघडलं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"मावशी, रांगेत! हसत ऱ्हा, होडी आली!" मुकादम ओरडला.

"बघा. मासळी विकताना शिव्या दिल्या तरी चालायचं. इथं तोंड पाडलं की पुढच्या बोटीला रोजावर बोलवीत नाय." तिने गाल चोळले आणि पाण्याची बाटली पुढे केली. "प्या. जनी का नाय आली?"

तिचं कुंकू घामाने ओघळलं होतं. पाहुण्यांची होडी धक्क्याला लागत होती. कमळू बाटलीकडे बघत राहिला.

"राब भाजायचेत," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

चंदाने पिशवी हातावर तोलली.

"कमी भरलेत! तिला सांगा, चंदानं हातानंच ओळखलं. माझ्या पडवीत डब्यात तिचे बोंबील हायत, घेऊन जा. बाजाराला येते तवा भांडते तिच्याशी."

ती रांगेत जाऊन हसू लागली. कमळू थोडा वेळ थांबला. बोट संध्याकाळी सुटणार होती, शेवटची एसटी चारला.

घरी आल्यावर अनिलने विचारलं, "काय बोलली मावशी?"

"तांदूळ कमी हायत, बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळूने राब भाजले. चंदाला सांगायचं राहिलं आहे.