वहिनींचा हात लागला की

घरात कंप्युटरमधलं कळतं ते मला एकट्याला, आणि हे कोणी विसरू नये याची काळजीही मीच घेतो. वहिनींना एका प्रकाशकाकडून घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम मिळायची आशा होती, तेव्हा माझा जुना कंप्युटर मीच त्यांना दिला. त्यावर लिनक्स चढवलं, एक खातं माझं, एक त्यांचं. "दगड आहे हा, वहिनी. बिघडायचं नाव नाही घेणार," मी छातीठोकपणे सांगितलं.

आठवडाभर काम बघून मग नोकरी पक्की होणार होती. इतकी वर्षं मुलांच्या मागे घरात अडकलेल्या वहिनी पहिल्या दिवशी चांगले कपडे घालून, केस विंचरून खुर्चीत बसल्या. जणू पलीकडून कोणी बघणारच होतं.

सकाळी दहाला ऑनलाइन हजर व्हायचं, आणि नेमकं वायफाय आपोआप जोडलं जाईना.

"भावजी, जरा येता?"

मी तोंडात ब्रश घेऊन यायचो, त्यांना उठवायचो, माझ्या खात्यात शिरायचो. वायफाय लगेच लागायचं. मग माझं खातं मागे चालूच ठेवून त्यांचं उघडून द्यायचो. तोवर त्यांना उशीर झालेला असायचा.

"लागलं की! करता काय तुम्ही?"

"काहीच नाही हो, नुसता चालू करते."

रोज सकाळी पुन्हा तेच रडगाणं. मी राउटर तपासला, ड्रायव्हर नवा घातला. सगळं ठणठणीत. मग उरलं कोण?

"वहिनींचा हात लागला की बिघडतं," मी जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो. दादा खो खो हसला. आईच्या हातात तर आयतंच कोलीत मिळालं. मिक्सर अडो, नळ गळो, "सूनबाईंचा हात लागला वाटतं!" वहिनीही हसायच्या. नंतर नंतर हसेनाशा झाल्या, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

आज हाक आली म्हणून चिडतच गेलो. वहिनी खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात पाठीमागे. त्यांचं खातं उघडंच होतं. खातं बदलायचा कंटाळा आला, म्हणून मी तिथूनच सेटिंग उघडली.

बघतो तर काय, घरच्या वायफायची जोडणीच तिथे नाही!

माझ्या खात्यात गेलो. तिथे जोडणी होती, आणि तिच्यातला 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा चौकोन रिकामा. म्हणजे मी ती फक्त माझ्यापुरती ठेवली होती. रोज तपासलं तेही माझ्याच खात्यातून, मग ठणठणीत दिसणार नाही तर काय! माझे कान तापले. चौकोनात खूण केली. एवढंच काम होतं.

"वहिनी, चूक माझी होती." आई आणि दादा दारात आले होते, त्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो. "यांनी काहीही बिघडवलेलं नाही. मीच गाढव."

"बघा, मन किती मोठं!" आई म्हणाली. "दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतो."

"अगं आई, खरंच माझी..."

"उगाच समजूत काढू नका, भावजी," वहिनी म्हणाल्या. "मघाशीच फोन करून सांगितलं मी प्रकाशकांना, दुसरं कोणी बघा म्हणून. माझ्यापायी त्यांचं काम अडायला नको."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मी बोलतो त्यांच्याशी. आत्ताच्या आत्ता. पण आधी हे बघा." कंप्युटर बंद केला, वहिनींना बळेच खुर्चीत बसवलं. त्यांनी एका बोटाने, भीत भीत बटण दाबलं, आपलं खातं उघडलं. वायफाय आपसूक लागलं.

"बघितलंत?"

"तुम्ही शेजारी उभे आहात ना, म्हणून."

मी पुन्हा कंप्युटर बंद केला. आई-दादांना बाजूला सारून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

"आता दाबा, वहिनी!"

मी दाराला कान लावला. खुर्चीसुद्धा वाजली नाही.

"दाबा ना, वहिनी. प्लीज."

"भावजी," आतून बारीक आवाज आला, "तुम्ही आत या ना."