काचवाल्याच्या मांडवाचा वासा

छपराखालच्या वाशाला कोण विचारतो? म्हणून आज मीच तोंड उघडतोय. मी एक वासा आहे, चिवट लाकडाचा आणि मनगटाएवढा जाड.

काचवाल्याने मला वखारीतून आणलं ते घरासाठी नव्हे, मांडवासाठी. वर्षभर मी त्याच्या दुकानात काचांच्या पेट्यांमागे उभा असायचो. ज्यू लोकांचा मांडवांचा सण आला की मला अंगणात काढायचे. चार वासे, भोवती चादरी, वर पानांच्या फांद्या, त्याही विरळ. पक्कं घर सोडून आठवडाभर सगळे त्या खोपटात जेवायचे. या दिवसांत आनंद करायचाच, असा त्यांच्या धर्माचा हुकूम आहे. हुकमाने आनंद! मला गंमत वाटायची.

"तारे दिसले पाहिजेत, नाहीतर मांडव कसला?" म्हणत काचवाल्याचा धाकटा भाऊ फांद्या सारखा करायचा. त्याला सगळे शिट्टी म्हणत. काच कापतानाही तो शिट्टी वाजवायचा. त्याची बायको पोटुशी होती.

त्या वर्षी ऐन सणात गावात कुणाचं तरी पोर हरवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि बोट परक्या धर्माच्या या घराकडे वळलं. सणाच्या तिसऱ्या संध्याकाळी जमाव आला. चादरी टराटरा फाटल्या, ताटं फुटली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, पिंपं बनवणाऱ्या माणसाने मला जमिनीतून उपटलं.

शिट्टी म्हाताऱ्या आईला पाठीशी घालून उभा होता. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला.

"अरे, तुझ्या खिडकीची काच मीच बसवली ना रे!"

दुसरा घाव डोक्यात बसला. कवटी फुटल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. तो पडल्यावरही पिंपवाला थांबला नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. मी फिरलो नव्हतो, मला फिरवलं होतं. पण मेलेल्याला त्याचं काय?

सकाळी काचवाल्याने मला मांडीवर घेतलं आणि चाकूने तासायला सुरुवात केली. त्यांच्यात माणसाचं रक्तही त्याच्याबरोबर पुरतात. माझ्या लाल ढलप्या त्याने फडक्यात बांधल्या. माझा एक थर शिट्टीबरोबर मातीत गेला.

परत आल्यावर काचवाला माझ्यासाठी खड्डा खणू लागला.

"जाळ तो वासा!" म्हातारी किंचाळली. "माझ्या लेकाला खाल्लंय त्याने!"

"आई, सण संपेपर्यंत शोकाला बसायचं नाही. मांडव पुन्हा उभा करायचाय."

"आणि आनंद करायचा?" शिट्टीची बायको म्हणाली. "कुणी, भावोजी?"

काचवाला खाली मान घालून हुकमाचे शब्द म्हणू लागला, "तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा चाकर, परका, पोरकं..." खणणं थांबवून तो म्हणाला, "आणि विधवा."

तिने पोटावर हात ठेवला. "म्हणजे आम्ही दोघंही आहोत त्यात."

 म्हातारीही त्याच 'विधवा' शब्दातली, कितीतरी वर्षं. मग सुनेजवळ बसत म्हणाली, "तुला हसायला नाही सांगितलं गं. आम्हाला सांगितलंय, हिला वगळून जेवू नका. दार लावून एकट्याने खाल्लं तर पोट भरतं. त्याला आनंद म्हणत नाहीत." काचवाल्याला ती म्हणाली, "रोव तो वासा. हिच्या बाजूला रोव."

संध्याकाळी त्यांनी गायला सुरुवात केली आणि दगड आले. एक माझ्यावर आपटला, एकाने काचवाल्याचा कान फाडला. मांडव कलला तशी शिट्टीची बायको उठली आणि मला दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिली. दगड तिच्या पाठीत बसत होते. ती रडत होती, शिव्या देत होती आणि मधूनच गात होती, अगदी बेसूर. म्हातारीने दुसरा वासा धरला. मारणारे थकले, तेव्हाच दगड थांबले. मग फुटक्या ताटांत सगळ्यांनी वाढून घेतलं, आणि पहिला घास तिला दिला.

सण संपला त्या संध्याकाळी ती जमिनीवर बसली आणि तिने हंबरडा फोडला. तो आवाज आजही माझ्या लाकडात आहे.

आता मला वाळवी लागलीय. तिचा मुलगा बाप मेला त्या वयाच्या पुढे गेलाय. यंदा तो म्हणतोय, "आई, लोखंडी खांब आणू. पुढे जाड दार, आतून कडी. पुन्हा काही झालं तर?"

 भीती तिलाही आहेच.

पोरा, लोखंडी खांब खुशाल आण. मला चुलीत घाल, माझं आयुष्य झालं. पण मांडवाला कडी लावू नकोस. बाहेर कुणी परका उभा असेल, कुणी पोरकं उभं असेल. त्यांना दार वाजवायला लावू नकोस.